बेड्या मिळाव्यात म्हणून अर्ज

“आत्ता तर चांगले चालत होते की ओ,” हवालदार सचिन भोसगे म्हणाला. चालता पंखा मध्येच बंद पडावा आणि घरमालकानं मान वर करून बघावं, तसा तो श्रीनिवासच्या हातांकडे बघत होता.

हात मांडीवर पडले होते. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला श्रीनिवास येमूल बसला होता, समोर त्याची बायको उमा, आणि बाजूच्या खुर्चीवर प्रणिता लोणकर, जिचं इथं खरं तर काही काम नव्हतं. श्रीनिवास आणि उमा दोघंही जन्मापासून बहिरे. दोघं हातांनी बोलत, आणि त्यांचं एकमेकांना नीट कळत असे. दुभाषी लागत होती ती तुरुंगाला. कैदी भेटीत काय बोलतो ते कुणीतरी समजून घेतलंच पाहिजे, असा नियम होता.

उमानं विचारलं होतं ते एवढंच, “तू मुकादमाला ढकललंस का?”

श्रीनिवासनं दोन्ही हात झटकन वर घेतले, छातीपर्यंत आणले, आणि ते खाली पडले.

बहिऱ्या माणसांत बोलता बोलता हात मांडीवर टाकण्याचा एकच अर्थ होतो. माझं बोलणं संपलं, तुला उत्तर देणार नाही. ऐकणारी माणसं दार आपटतात, फोन बंद करतात. ही माणसं हात टाकतात. नवराबायकोत याहून मोठा अपमान नाही. प्रणिताचे आईवडील दोघंही बहिरे होते, शिलाईची कामं करायचे. आई चिडली की हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसायची, आणि त्या दिवशी प्रणिताला घास जायचा नाही.

उमा उठली. प्रणितानं घाईघाईनं तिला अडवलं आणि हातांनी सांगितलं, “त्यानं टाकले नाहीत. पट्ट्यानं पाडले.”

“कुठला पट्टा?” उमानं विचारलं. “आत्ता त्यानं बिस्किट खाल्लं. चहाचा कप धरला. केस कुणी कापले विचारलं तर हसत उत्तर दिलं. नेमकं हेच विचारल्यावर हात गेले?”

“शर्टाच्या बाहीखाली आहे. दंडाला.”

उमानं नवऱ्याच्या बाह्यांकडे पाहिलं. बाह्या इस्त्री केल्यासारख्या सपाट होत्या. श्रीनिवास मान हलवून, भुवया उंचावून काहीतरी सांगायची धडपड करत होता. पण हातांवाचून नुसता चेहरा म्हणजे शब्दांवाचून नुसता सूर. उमानं एकदा त्याच्याकडे बघितलं, पदर खोचला आणि ती निघून गेली. तिच्या पाठीमागे दार लागल्यावर श्रीनिवासच्या बोटांत जीव आला. तेव्हा त्यांचा काही उपयोग नव्हता.

“बघा, आले परत,” भोसगे समाधानानं म्हणाला. प्रणितानं त्याच्याकडे अशी नजर टाकली की बिचारा उगाच पट्ट्याची किल्ली चाचपू लागला.

त्या पट्ट्याचं सरकारी नाव ‘संयम’. पोलीस त्याला बाजूबंद म्हणत.

लोखंडी बेड्यांचा काळ आता मागे पडला होता. माणसाला साखळदंडात बांधून रस्त्यातून ओढत नेऊ नये, बेड्या घालायच्याच असतील तर तो धोकादायक का आहे ते न्यायाधीशांना सांगून लेखी परवानगी घ्यावी, असं न्यायालयांनी फार पूर्वी बजावलं होतं. चांगला नियम होता. पोलीस तो कधी पाळत, कधी बेड्यांवर रुमाल टाकून वेळ निभावत. मग संयम आला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वर्तमानपत्रं मात्र अजूनही ‘आरोपीला बेड्या ठोकल्या’ असंच छापत. श्रीनिवासच्या बातमीचा मथळाही तोच होता, आणि ज्या दिवशी तो छापला गेला त्या दिवशी अख्ख्या चिंचनगरात बेडीचा एकही जोड वापरात नव्हता.

पट्ट्याचं शास्त्र तसं सोपं होतं. हात हलवायचा म्हटलं की मेंदूचा हुकूम दंडातल्या नसांमधून खाली बोटांपर्यंत जातो. हात प्रत्यक्ष हलण्याच्या किंचित आधी स्नायूंमध्ये विजेची बारीक खळबळ होते. पट्टा ती खळबळ टिपतो आणि हुकूम किती जोराचा, किती अचानक आलेला आहे ते मोजतो. घास उचलायचा हुकूम संथ असतो. ठोसा मारायचा, हिसका द्यायचा, गळा धरायचा हुकूम उसळून येतो. उसळी दिसली की पट्टा नसेमध्ये अतिशय वेगानं उलटसुलट होणारा एक बारीक प्रवाह सोडतो, आणि त्या जागेच्या पुढे निरोप जाणं थांबतं. कोपरापासून बोटांपर्यंत हात काही क्षण आपला राहत नाही. दुखत नाही, वळ उठत नाही, बाहेरून काही दिसत नाही. आणि लोखंड नसल्यामुळे कायद्याच्या दृष्टीनं ती बेडी नव्हती, म्हणून कुणाची परवानगीही लागत नव्हती.

उसळी म्हणजे काय हे यंत्राला शिकवण्यासाठी हजारो माणसांच्या झटापटी मोजल्या होत्या. त्यांत हातांनी बोलणारा माणूस एकही नव्हता. कुणी मुद्दाम वगळला असं नाही, कुणाला सुचलंच नाही, आणि प्रणिताला संताप यायचा तो याच गोष्टीचा. ऐकणारा माणूस पोटतिडकीनं बोलायला लागला की त्याचा आवाज चढतो. बहिऱ्या माणसाचे हात चढतात. पट्ट्याला त्यात मारामारी दिसायची. त्यामुळे श्रीनिवास आमटी खारट आहे असं सांगू शकत होता, गादीत ढेकूण आहेत असं सांगू शकत होता, पण जी गोष्ट जिवाच्या आकांतानं सांगायची ती सुरू करताच त्याचे हात गळून पडत होते.

आणि सांगायची गोष्टही अशी की जोर लावल्यावाचून सांगताच येऊ नये. श्रीनिवास यंत्रमागाच्या जुन्या कारखान्यात टॉवेल विणायचा. तिथल्या खडखडाटात ऐकणाऱ्यांचे कान जातात म्हणून मालक बहिऱ्यांना आवडीनं कामावर घेत. मुकादमाशी त्याचं सुट्टीवरून भांडण झालं होतं, अगदी सगळ्यांसमोर. त्याच दुपारी मुकादमाच्या गळ्यातलं उपरणं माग चालवणाऱ्या फिरत्या लोखंडी दांड्यात, शाफ्टमध्ये गेलं. श्रीनिवासनं त्याला मागून धरून ओढलं. उपरणं फाटलं, मुकादम सुटला आणि मागच्या लोखंडी खांबावर डोकं आपटून पडला. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यात दिसली ती श्रीनिवासची पाठ आणि पडणारा माणूस. मुकादम जगला, पण त्याला त्या दिवसातलं सकाळच्या चहापुढचं काही आठवत नव्हतं. गुन्हा लागला खुनाच्या प्रयत्नाचा. पोलिसांनी जबाब घेतला तोही दुभाष्याशिवाय.

‘ओढलं’ हे हातांनी सांगायचं तर ओढूनच सांगावं लागतं.

“लिहून द्यायला सांगा की,” तुरुंगाधिकाऱ्यांपासून कारकुनापर्यंत प्रत्येकानं प्रणिताला हा सल्ला दिला होता, तोही आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्याच्या थाटात. श्रीनिवासचं शिक्षण बहिऱ्या मुलांना ओठ हलवायला शिकवणाऱ्या शाळेत चौथीपर्यंत झालं होतं. नाव, पत्ता आणि टॉवेलची मापं, एवढं त्याला लिहिता यायचं. प्रणिता पहिल्या काही जणांना हे समजावून सांगायची. पुढे तिनं ते सोडून दिलं.

श्रीनिवासचे वकील इम्रान नदाफ हे कायदेविषयक मदतीतून मिळालेले, तरुण, सतत धावपळीत असलेले गृहस्थ. जामिनाच्या सुनावणीत न्यायाधीश श्रीनिवासचं म्हणणं स्वतः ऐकणार आहेत, असं कळल्यावर ते प्रणिताकडे आले.

“मॅडम, हात पडले नाही पाहिजेत ओ. तिथं हात पडले की संपलं. ते यंत्र काय लिहितंय माहितीय नव्हं?”

प्रणिताला माहीत होतं. न्यायालयात बोलणं टिपून घेणारं यंत्र बसवलं होतं, आणि बहिरा माणूस कितीही जीव तोडून बोलत असला तरी दुभाषी बोलेपर्यंत ते ‘आरोपी गप्प’ असंच लिहीत राहायचं.

“मग पट्टा काढायला सांगा ना,” ती म्हणाली.

“सांगितलं. संयम काढायचा तर तांत्रिक समितीचा अहवाल लागतो म्हणे. समिती अजून नेमायचीय.” नदाफनं घाम पुसला. “तुम्ही त्याला हळू बोलायला शिकवा. थंड डोक्यानं. एवढंच करा.”

दुभाष्यानं आरोपीला शिकवायचं नसतं. प्रणितानं आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं. पण आठवड्यामागून आठवडे त्या माणसाचे हात पडताना बघून ती इतकी विटली होती, की तिनं हेही केलं. भेटीच्या खोलीत ती त्याला सांगायची, “खांदा हलवू नकोस. कोपर बरगडीला चिकटव. फक्त बोटांनी बोल. मुकादम म्हणजे तुझा कुणी नाही. उपरणं म्हणजे फडकं. दुकानात साबण मागतोस तसं सांग.”

श्रीनिवासला सुरुवातीला ते जमेना. तो तापट गडी. हात उसळायचे आणि पडायचे, पुन्हा उसळायचे आणि पडायचे. मग हळूहळू जमू लागलं. ज्या दिवशी त्यानं सगळी हकिगत पोटाजवळ दोन बोटांनी, साबण मागितल्यासारखी सांगितली आणि हात शेवटपर्यंत शाबूत राहिले, त्या दिवशी प्रणितानं त्याची पाठ थोपटली. तो हसला नाही.

मग ती उमाच्या घरी गेली. उमा टॉवेलच्या कडा शिवत बसली होती. “सोमवारी तो न्यायाधीशांना सगळं सांगणार आहे,” प्रणितानं तिला सांगितलं. “या वेळी हात पडणार नाहीत. तू ये आणि बघ.”

“आणि ढकललं असेल तर?” उमानं विचारलं. “त्याचा राग मला माहीत आहे. त्यानं एकदा रागानं दाराची कडी उखडली होती. राग आला म्हणून मी सोडणार नाही त्याला. पण मला तोंडावर उत्तर द्यायचं नाही, हात टाकायचे, हे मी नाही सहन करणार.”

“म्हणून तर ये म्हणते.”

उमा आली. मागच्या बाकावर बसली. न्यायाधीश शहापूरकरांनी चष्मा पुसून श्रीनिवासकडे बघितलं आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. कोपर बरगडीला, खांदे गप्प, बोटं पोटाजवळ. उपरणं गेलं. मी ओढलं. तो पडला. मी ढकललं नाही. प्रणिता त्याच्या शब्दांमागून मराठीत बोलत गेली आणि तिचाही आवाज तसाच सपाट येऊ लागला, कारण समोर जे आहे त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलं होतं. हात एकदाही पडले नाहीत. नदाफनं टेबलाखाली मूठ आवळली.

“एक माणूस मरता मरता वाचला,” न्यायाधीश म्हणाले, “आणि यांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. नोंद घ्या. आरोपी निर्विकार.” पुढची तारीख पडली.

प्रणितानं मागे वळून बघितलं. बाक रिकामा होता. ती धावत व्हरांड्यात गेली. उमा जिन्याजवळ उभी होती.

“हे काय दाखवायला बोलावलंस मला?” तिनं विचारलं. “हा माझा नवरा आहे. खरं सांगताना शेजारी बसलेल्याला त्याचे हात लागतात. लग्नात बोलता बोलता त्यानं माझ्या मामाचा चष्मा उडवला होता. आज तो पाठ केलेलं बोलत होता. पाठ कोणी करून घेतलं?”

उमाचं बरोबर होतं. न्यायाधीशांचंही त्यांच्या परीनं बरोबर होतं. ज्या दोन माणसांना पटवायचं होतं त्यांच्यासमोर तिनं श्रीनिवासला खोटारडा आणि कोडगा करून उभं केलं होतं, आणि तेही खूप मेहनत घेऊन. तिला स्वतःचा एवढा राग आला की जिन्याच्या कठड्यावर डोकं आपटावंसं वाटलं.

“काय मॅडम, काय झालं ओ?” भोसगे श्रीनिवासला घेऊन मागून आला होता.

“पूर्वी तुमच्याकडे लोखंडाच्या बेड्या होत्या ना?” प्रणितानं एकदम विचारलं. “हातात साखळी असलेल्या?”

“हाय की. स्टोअरमध्ये पडल्यात. ह्येच्या आधी सगळ्या पोरांना आम्ही त्याच घालून आणायचो.”

“त्या घातल्यावर हात हलायचे?”

“हलायचे की. साखळी असायची वीतभर. एकानं तर माझ्या कानाखाली वाजवली हुती, साखळीसकट.” भोसगेनं गाल चोळला. “आन् दिसायच्या बी. मान्साला कळायचं, बांधलाय म्हणून.”

प्रणितानं नदाफला गाठलं. “अर्ज करा,” ती म्हणाली. “पट्टा काढून बेड्या घाला म्हणावं. त्यासाठी समिती लागत नाही. न्यायाधीशांच्या सहीनं मिळतात.”

नदाफ तिच्याकडे बघतच राहिला. “मॅडम, आरोपीचा वकील आरोपीला बेड्या घाला म्हणून अर्ज करतोय, असं कुठं असतं का? बार रूममध्ये तोंड दाखवायला जागा राहायची नाही मला.”

“पट्ट्यापेक्षा बेडी बरी. बेडीत निदान बोलता येईल त्याला. आणि बघणाऱ्याला दिसेल तरी, की हात कशामुळे अडलेत.”

अर्ज झाला. पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी तो दोनदा वाचला आणि चष्म्यावरून नदाफकडे पाहिलं.

“बेड्या मी धोकादायक किंवा पळून जाईल अशा आरोपीला देऊ शकतो. तुमचा पक्षकार धोकादायक आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?”

“नाही साहेब.”

“मग बेड्या देता येत नाहीत. आणि आहे म्हणालात, तर जामीन देता येत नाही. काय करू सांगा.”

तेवढ्यात सरकारी वकील बिराजदारबाई ताडकन उठल्या. बेड्यांचं नाव निघताच त्या सावध झाल्या होत्या. बहिऱ्या माणसाच्या हातात लोखंडाची साखळी, असा फोटो छापून आला असता तर खात्याची बेअब्रू झाली असती. शिवाय संयममध्ये खोट आहे, हे मान्य करणंही त्यांना परवडणारं नव्हतं.

“सरकारचा या अर्जाला तीव्र विरोध आहे,” त्या म्हणाल्या. “आरोपी अत्यंत शांत आहे. तुरुंगात त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. कुणाच्या अंगावर गेलेला नाही, पळायचा प्रयत्न नाही. बायको, घर, सगळं याच गावात आहे. अशा माणसाला बेड्या घालणं अमानुष ठरेल.”

प्रणिताला हे श्रीनिवासला हातांनी सांगायचं होतं, तेच तिचं काम होतं. ती सांगू लागली आणि मध्येच थांबली.

“साहेब, मला बोलायचंय,” ती म्हणाली.

“दुभाष्यांनी स्वतःचं बोलू नये.”

“मग कुणाचं बोलू? त्याला बोलू देत नाही तुम्ही.” तिचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. “मी आत्ता चिडून बोलतेय. माझी जीभ कुणी बधिर केली नाही. तो चिडला की त्याचे हात जातात. गेल्या तारखेला तुम्ही निर्विकार म्हणालात. निर्विकार मी केलाय त्याला, महिनाभर बसवून, नाहीतर एक वाक्य पुरं होत नव्हतं. लोखंड घाला, दोरखंड घाला, काय वाट्टेल ते घाला, पण एकदा त्याचं त्याला सांगू द्या. नाहीतर ऐकायला बोलावलं असं तरी म्हणू नका.”

भिंतीवरच्या यंत्रानं हे सगळं इमानेइतबारे टिपून घेतलं. न्यायाधीशांच्या कपाळावरची शीर दिसू लागली होती. ते आता हिला बाहेर काढणार, असं नदाफला वाटलं.

पण ते वळले बिराजदारबाईंकडे. “तुम्ही आत्ता म्हणालात, आरोपी शांत आहे. पळणार नाही. घर इथंच आहे.”

“हो, म्हणजे बेड्यांच्या संदर्भात...”

“माणूस तोच आहे ना, संदर्भ कुठलाही असला तरी? मग जामिनाला तुमचा विरोध कशासाठी आहे?”

बिराजदारबाईंनी कागद चाळले. खाली बघून पुन्हा चाळले.

“बेड्यांचा अर्ज फेटाळला,” न्यायाधीश म्हणाले. त्यांच्या आवाजात कंटाळा आणि चीड दोन्ही होतं. “सरकारनेच दिलेल्या ग्वाहीवर जामीन मंजूर. आणि दुभाषीबाई, तुम्ही खाली बसा.”

नदाफनं आनंदानं भोसगेचा हात धरून हलवला. प्रणितानं श्रीनिवासला निकाल सांगितला. उद्या सकाळी घरी. त्यानं तो शांतपणे समजून घेतला.

“पण मी सांगितलं कुठं?” त्यानं पोटाजवळ बोटं हलवत विचारलं. “मला कुणी विचारलंच नाही.”

“सुटलास ना,” प्रणिता म्हणाली, आणि आपण किती बावळट उत्तर दिलं हे तिला लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी तुरुंगाच्या फाटकापाशी उन्हात चार माणसं उभी होती. भोसगेनं श्रीनिवासच्या बाह्या वर सरकवल्या, किल्ली फिरवली आणि दोन्ही पट्टे सोडवून पिशवीत टाकले. दंडावर पट्ट्याच्या रुंदीएवढी कातडी फिकट पडली होती. समोर उमा होती. ती सासूच्या आग्रहानं आली होती आणि हाताची घडी घालून उभी होती. ती घडी म्हणजे काय, ते तिथं प्रणिता आणि श्रीनिवास दोघांनाही समजत होतं.

श्रीनिवास तिच्यासमोर गेला. कोपरं बरगडीला लावली. “मी ढकललं नाही,” त्याची बोटं म्हणाली. “उपरणं शाफ्टमध्ये गेलं. मी ओढलं.” साबण मागितल्यासारखं.

उमानं मान फिरवली.

“पट्टा काढलाय,” प्रणिता त्याला म्हणाली. “आता मोठ्यानं बोल.”

त्यानं दंडावरची फिकट जागा चाचपली. “नको. पडतील. तिच्यासमोर पुन्हा पडले तर ती जाईल.”

“पट्टा नाहीये रे बाबा. तो बघ, पिशवीत आहे.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. त्याचे हात पोटापाशीच राहिले.

प्रणिताच्या डोक्यात तिडीक गेली. पट्टा बनवणाऱ्यांवर, न नेमलेल्या समितीवर आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर, कारण पट्टा भोसगेला किल्लीनं काढता आला, पण तिनं शिकवलेलं मात्र या माणसाच्या अंगातून निघत नव्हतं. तिनं श्रीनिवासच्या खांद्याला धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

“मुकादमाचं बरोबरच होतं,” ती हातांनी म्हणाली. “तू कामचोर आहेस. सगळा कारखाना म्हणतो.”

श्रीनिवासनं भुवया आवळल्या.

“तुझ्या मागावरचा टॉवेल पायपुसणं म्हणून कुणी घेत नाही. धागे लोंबतात. काठ वाकडा.”

“काय म्हणालीस?” त्याचे हात पोटापासून वीतभर वर आले.

“आणि ढकललंसच तू त्याला. समोरून नाही, मागून. समोरून जायची तुझी छाती नाही. भित्रा कुठला.”

श्रीनिवासचे हात उसळले. प्रणिता झटकन मागे सरली म्हणून वाचली. त्यानं आधी तिला दोन अशा शिव्या दिल्या की तिच्या वडिलांच्या पश्चात तिनं त्या कुणाच्या हातांत पाहिल्या नव्हत्या. मग शाफ्ट फिरू लागला, त्याच्या डोक्याइतका मोठा. उपरणं गेलं, गुंडाळलं, आवळलं. मुकादमाचे डोळे बाहेर आले, जीभ बाहेर आली. श्रीनिवासनं हवेत दोन्ही मुठींनी त्या माणसाला मागून कवेत धरलं, पाय रोवले आणि असा हिसका मारला की तो स्वतःच मागे भोसगेच्या अंगावर जाऊन आदळला. तिथून उठून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, या वेळी उमाकडे तोंड करून. घाम गळत होता. तो रडत होता.

मग तो थांबला. दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून त्यानं ते उलटसुलट करून पाहिले. ते वरच होते.

उमाची घडी कधी सुटली ते प्रणितानं पाहिलं नाही. तिनं पाहिलं तेव्हा उमाचे हात श्रीनिवासच्या नाकासमोर नाचत होते. त्या दिवशी उत्तर का दिलं नाहीस, दिवसचे दिवस मी काय काढलेत ते मला माहीत, मुकादमाशी भांडायला कोणी सांगितलं होतं. श्रीनिवास तितक्याच जोरात उलट बोलत होता. दोघं एकाच वेळी बोलत होते. रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकून बघत उभा राहिला.

“मॅडम, ह्ये तर भांडायलेत की ओ,” भोसगे काळजीनं म्हणाला. “मिटवू का?”

“मध्ये पडलात तर बघा,” प्रणिता म्हणाली, आणि फाटकाच्या कट्ट्यावर जाऊन बसली.